ब्लेंडेड रेड वाइन म्हणजे उरल्यासुरल्या वाइनची सरमिसळ असते का? लहान वायनरीत ती बनवतात तरी कशी?

कधी कधी असते. हे आधीच कबूल केलं की पुढचं बोलायला मी मोकळा. चोथा दाबून काढलेली शेवटची तुरट वाइन, अर्ध्या राहिलेल्या टाक्या, गळ्यात पडलेला जास्तीचा माल, असं सगळं एकत्र करून नुसतं 'रेड' म्हणून स्वस्तात विकलं जातं. पण तुम्ही बाटलीवर 'शिराज-कॅबर्ने' अशी द्राक्षांच्या दोन जातींची नावं वाचून विचारलंय. ती गोष्ट निराळी.

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका लहान वायनरीत काम करतो. तोडणीच्या दिवसांत क्रेट उचलण्यापासून लॅबमध्ये बाटल्या विसळण्यापर्यंत सगळं. आमची मुख्य रेड ब्लेंडच आहे, आणि ती का, हे सांगायला आधी चव सांगावी लागेल.

कॅबर्ने सोव्हिन्यों तोंडात घेतली की सुरुवात जोरदार होते, शेवटी तुरटपणा चांगला रेंगाळतो, मध्ये मात्र काहीच नाही. बाहेरचे लोक तिला डोनट म्हणतात, आमच्याकडे मेदूवडा म्हणतात. शिराजचं उलट. मध्यभाग भरलेला, जांभळासारखा, पण गिळली की गेली, मागे काही उरत नाही. शिराजला काळ्या मिरीचा जो वास येतो तो नुसता भास नाही बरं का. रोटंडोन नावाचं एक द्रव्य आहे, मिरीत असतं तेच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली ते शिराजमध्ये दाखवून दिलं. तर एकीचं भोक दुसरीने बुजवायचं, एवढाच मूळ हेतू.

ही जोडी काही आपण शोधलेली नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या बोर्दोचे व्यापारी आपल्या फिक्या वाइनला रंग आणि अंग यावं म्हणून ऱ्होन खोऱ्यातल्या हर्मिटाजची वाइन मागवून त्यात घालत. हर्मिटाजची लाल वाइन म्हणजे सिरा, आणि सिरा म्हणजेच आपली शिराज. त्या काळी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, उलट अशा वाइनला भाव चांगला मिळे. पुढे नियम आले आणि बोर्दोत ते बंद झालं.

खुद्द बोर्दोतली कॅबर्ने आणि मर्लोची जोडी तर शेतकऱ्याच्या हिशेबातून आलेली. मर्लो लवकर फुटते, म्हणून वसंतातल्या हिमाची भीती तिला. कॅबर्ने उशिरा पिकते, म्हणून शरदातला पाऊस तिला गाठतो. दोन्ही लावल्या की एक तरी हाती लागते. आपल्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी टाकतात, तसंच.

नाशकात गणित बदलतं. इथे वेल थंडीत झोपत नाही, म्हणून दोन छाटण्या: एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. फ्रान्समध्ये द्राक्ष पिकताना हवा थंड होत जाते, आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात तापत जाते. त्यामुळे साखर भराभर चढते, आंबटपणा भराभर उतरतो, आणि बियांचा हिरवट तुरटपणा मात्र अजून गेलेला नसतो. साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर 24 ब्रिक्स, म्हणजे साधारण 24 टक्के साखर दिसतेय, पण बी चावून बघितली तर हिरवी. थांबलो तर आंबटपणा जातो, तोडलं तर तुरट राहते. रोज सकाळी बागेत उभं राहून हेच भांडण चालतं. शिराज आधी तयार होते, कॅबर्ने दोन-तीन आठवडे मागून. म्हणजे दोन्ही एका टाकीत आंबवायच्या म्हटलं तरी जमत नाही.

तोडणी पहाटे होते, माल थंड असताना. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्या बॅटरीच्या उजेडात घड कापतात, ऊन चढायच्या आत क्रेट आमच्या दारात. यंत्रात देठ वेगळे होतात, मणी फुटतात, आणि साल, बी, रस सगळं टाकीत जातं. काळ्या द्राक्षातला रसही बिनरंगाचाच निघतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लाल रंग सालीतून येतो, म्हणून साल रसात राहायलाच हवी. यीस्ट घातलं की दुसऱ्या दिवशी टाकी फसफसायला लागते आणि सगळी साल वर येऊन जाड थर बसतो. त्याला आम्ही टोपी म्हणतो. खालचा रस पंपाने उचलून त्या टोपीवर दिवसातून दोन-तीनदा सोडायचा, नाहीतर वरचा थर सुकून आंबतो, थेट व्हिनेगरकडे जातो. तापमान 25 ते 28 अंशांत धरायचं. आठ-दहा दिवसांत साखर संपते आणि 24 ब्रिक्सच्या रसातून साधारण साडेतेरा टक्के अल्कोहोलची वाइन होते. (या दिवसांत टाकीत डोकावू नका, कोणी दाखवायला नेलं तरी. आतला कार्बन डायऑक्साइड माणूस मारतो.)

मग टाकीच्या तोटीतून आपणहून निघते ती वाइन वेगळी ठेवायची, आणि उरलेला चोथा दाबून निघते ती वेगळी. ही दुसरी गडद, तुरट, एकटी प्यायला नकोशी. तिला फेकायचं नाही, तिचं काम पुढे आहे.

यानंतर आणखी एक आंबवण होते, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. वाइनमधलं मॅलिक ॲसिड, म्हणजे हिरव्या सफरचंदातलं, जिवाणू खातात आणि त्याचं लॅक्टिक करतात, म्हणजे दह्यातलं. चव मऊ होते. झालं की नाही हे बघायला आमच्याकडे महागडं यंत्र नाही. कागदाच्या पट्टीवर वाइनचा थेंब ठेवून ती द्रावणात उभी करतो आणि रात्रभर वाळवतो. सकाळी निळसर कागदावर पिवळे ठिपके उमटतात. मॅलिकच्या जागी ठिपका दिसला नाही की समजायचं, झालं. त्या द्रावणाचा वास मात्र दोन दिवस नाकातून जात नाही.

मग वाइन पिंपात मुरवायची. पिंप 225 लिटरचं, ओकच्या लाकडाचं. नवं पिंप लहान वायनरीला परवडत नाही. दोन-तीनदा वापरलेली असतात आमच्याकडे, आणि काही टाक्यांत तर पिशवीत बांधलेले ओकचे तुकडे सोडतो. जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही, पण त्यात लाजण्यासारखंही काही नाही.

आणि मग ब्लेंडचा दिवस. मला वर्षातला हाच दिवस सगळ्यात आवडतो. सकाळी दहा-अकराची वेळ, जेवणाआधी. त्या दिवशी तंबाखूवाल्यांना आत प्रवेश नाही, अत्तरवाल्यांनाही नाही. टेबलावर 100 मिलीचा मेजरिंग सिलिंडर, पिपेट, सारखे ग्लास, ग्लासाखाली नंबराच्या चिठ्ठ्या, तोंड साफ करायला साध्या पावाचे तुकडे. पहिला ग्लास 70 मिली शिराज, 30 मिली कॅबर्ने. दुसरा 60-40. तिसरा 60-35, आणि वर 5 मिली ती दाबून काढलेली. कोणता कशाचा हे फक्त ओतणाऱ्याला माहीत.

इथे अंकगणित चालत नाही. 70-30 आणि 50-50 दोन्ही आवडले म्हणून 60-40 आवडेलच असं नाही, कित्येकदा तोच सगळ्यात मिळमिळीत लागतो. आणि त्या नकोशा वाइनचे 5 मिली पडले की अख्खा ग्लास उभा राहतो. 8 मिली घातले तर तोंड आखडतं. गेल्या खेपेला आम्ही 2 मिलीवरून दीड तास भांडलो. शेवटी मालकांच्या आई पाणी घेऊन आल्या, त्यांना दोन्ही ग्लासांचा नुसता वास दिला. त्या म्हणाल्या, "याला ढोबळी मिरचीचा वास येतोय." बरोबर होतं. कमी पिकलेल्या कॅबर्नेत ढोबळी मिरचीतलंच वासाचं द्रव्य असतं. कॅबर्ने कमी केली.

मी केलेली चूकही सांगतो. पहिल्या वर्षी नमुने आणायचं काम माझ्याकडे होतं. शिराजची नऊ पिंपं, मी जवळच्या एकाच पिंपातून बाटली भरून आणली. टेबलावर ब्लेंड झकास जमलं, सगळे खूश. मोठ्या टाकीत नऊही पिंपं ओतली तर चव ओळखीची राहिली नाही. ते एक पिंप बाकीच्यांपेक्षा बरंच चांगलं होतं, एवढंच. तीन आठवडे पुन्हा जुळवाजुळव करावी लागली. आता प्रत्येक पिंपातून सारखं माप घेऊन नमुना एकत्र करतो, आणि तो मीच करतो.

एकत्र केलेली वाइन लगेच भरत नाहीत. काही आठवडे टाकीत मुरू देतात. दोन वाइन भेटल्या की कधी खाली गाळ बसतो, कधी आम्लता सरकते, ते बाटलीत होण्यापेक्षा टाकीत झालेलं बरं. मग वाइन टिकावी म्हणून घातलेलं सल्फाइट तपासायचं, गाळायचं, भरायचं.

तुम्हाला खात्रीच करायची असेल तर एकाच वायनरीची एक शिराज आणि एक कॅबर्ने आणा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर खुणा असलेलं झाकण येतं, ते स्वच्छ धुऊन घ्या. झाकणाने मोजून तीन-चार ग्लास वेगवेगळ्या प्रमाणात करा, चिठ्ठ्या खाली लावा आणि घरच्या कोणाला तरी ग्लासांची अदलाबदल करायला सांगा. आधी बाटल्या वीस-पंचवीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. 'रूम टेम्परेचर' म्हणतात ती खोली युरोपातली, नाशकातली मे महिन्यातली नव्हे. उरलेलं बूच लावून फ्रीजमध्ये, तीन दिवसांत संपवा.