एमपीएससीच्या अभ्यासाला टॅब घेऊ की छोटा लॅपटॉप? बजेट तीस हजार

तुमचा प्रश्न सगळा वाचला, पीडीएफ ढीगभर जमल्यात, मोबाईलवर वाचून डोळे चुरचुरतात, रोज अभ्यासिकेत न्यायचंय, बजेट तीस हजार, सगळं कळलं. पण मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. "मित्र म्हणतात टॅब म्हणजे खेळणं, शेवटी लॅपटॉपच घ्यावा लागतो." हे वाक्य मी आमच्या धाकट्या भावजींच्या तोंडून गणपतीत ऐकलंय, दिवाळीत ऐकलंय, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत ऐकलंय. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मी प्रुफं वाचते, म्हणजे छापायच्या आधी पानांतल्या चुका शोधते. मराठी पुस्तकं आणि जुलैपासून दिवाळी अंक. पूर्वी सगळं कागदावर असायचं, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून गठ्ठा घ्यायचा, पीएमटीच्या बसमध्ये मांडीवर धरून घरी आणायचा, लाल पेनाने तपासून परत नेऊन द्यायचा. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि प्रेसवाले पीडीएफ पाठवायला लागले, मग त्यांचा कागद वाचला, टोनर वाचला, त्यांना ते आवडलं आणि कागद काही परत आला नाही. आता घरी प्रिंट काढून वाचायचं तर माझी मजुरी प्रिंटरच्या शाईतच जाणार. म्हणून आमच्या ह्यांनी भावजींना विचारलं. भावजी एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतात, त्यामुळे घरात मिक्सरपेक्षा मोठं काहीही घ्यायचं तर आधी त्यांचा शब्द. त्यांनी एका दिवसात ठरवून टाकलं, साडेअकरा इंची छोटा लॅपटॉप, हलका, "वहिनी, पिशवीत मावेल". कंपनीचं नाव घेत नाही, त्या वर्गातले सगळे तसेच.

मावला पिशवीत. पण पान मावेना त्याच्यात. डेमी आकाराच्या पुस्तकाचं पान असतं साडेपाच बाय साडेआठ इंच. मी फूटपट्टी घेऊन त्या लॅपटॉपची स्क्रीन मोजली, आडवी दहा इंच आणि उभी जेमतेम पावणेसहा. त्यातून वरची पट्टी, खालची पट्टी, पीडीएफवाल्याची स्वतःची बटणं गेली की उरतं पाच इंचांच्या आत. म्हणजे पान अर्ध बघा, खाली सरकवा, उरलेलं बघा, किंवा अख्खं पान दिसेल एवढं बारीक करा आणि मग काही वाचता येत नाही. दोन्ही बाजूंना मात्र करड्या रंगाची मोकळी जागा हवी तेवढी! प्रुफं वाचणारा माणूस नुसते शब्द बघत नाही हो, पान बघतो. परिच्छेदाची शेवटची एकटी ओळ पुढच्या पानावर गेलीय का, मथळा तळाला लटकलाय का, पानाचा आकडा जागेवर आहे का. ते अर्ध्या अर्ध्या पानात दिसत नाही.

आणि अक्षरं. "सर्वांना", "धर्मांतर", "वर्षांपूर्वी" असे शब्द घ्या, रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर. दहा पॉइंटाच्या टायपात त्या स्क्रीनवर (१३६६ बाय ७६८, स्वस्त छोट्या लॅपटॉपला बहुतेक हीच असते) दोघांचा मिळून एक काळा ठिपका दिसायचा. टिंब आहे की नाही हे बघायला प्रत्येक वेळी मोठं करायचं, परत लहान करायचं. दिवाळी अंकाच्या एका पानात असे किती शब्द येतात त्याची कल्पना करा.

खुणा करणं हा तर वेगळाच छळ. टचपॅडने शब्द पकडायचा, पिवळी कमेंट उघडायची, त्यात लिहायचं "येथे दुसरी वेलांटी". श्रीलिपीत (प्रेसवाल्यांचं मराठी अक्षरं जुळवायचं सॉफ्टवेअर) जुळवलेल्या पीडीएफमधून शब्द कॉपी करायला गेलं तर भलतीच चिन्हं येतात, सर्चही चालत नाही, त्यामुळे सगळं हाताने टायपायचं. आणि एवढं करून प्रेसमधला ऑपरेटर म्हणतो, मॅडम, त्या पिवळ्या चौकोनात काय लिहिलंय ते उघडत बसायला वेळ नाही, तुम्ही नेहमीसारखं कडेला रेघ ओढून का नाही देत? बरोबर आहे त्याचं. त्याला प्रुफाच्या खुणा पाठ आहेत, नजर टाकली की हात चालतो. वर आणि त्या लॅपटॉपला स्टोरेज बत्तीस जीबीचं, तेही बोर्डावरच डकवलेलं, बदलता न येणारं. विंडोजचं अपडेट आलं की जागा नाही म्हणून रडायचं. भावजी यायचे, अर्धा तास काहीतरी पुसायचे, चहा घ्यायचे, जायचे.

त्या सीझनचे पैसे आले तेव्हा मी कोणाला न विचारता टॅब आणला. सॅमसंगचा एस सिक्स लाइट, कारण त्याच्या खोक्यातच पेन येतं, वेगळं घ्यावं लागत नाही आणि त्या पेनाला चार्जिंगही लागत नाही. साडेदहा इंचाच्या जवळपास स्क्रीन, उभा धरला की साधारण पाच इंच रुंद आणि नऊ इंच उंच. डेमीचं पान जवळजवळ मूळ आकारात! रफार रफाराच्या जागी, टिंब टिंबाच्या जागी. तळहात काचेवर टेकवून लिहिता येतं, हाताची रेघ उमटत नाही. लाल रंग निवडला आणि कागदावर करायचे तशाच खुणा करायला लागले, समासात, वाकड्यातिकड्या, अगदी तशाच. ऑपरेटरचा फोन आला, "मॅडम, स्कॅनर घेतला का?"

भावजींची प्रतिक्रिया, "वहिनी, एवढ्या पैशात खेळणं आणलंत?"

मग त्यांच्याच घरी सत्यनारायण होता, आणि नेमका एका अंकाचा शेवटचा फर्मा अडकला, म्हणजे एकत्र छापायची सोळा पानं, संध्याकाळच्या आत प्रेसला जायला हवी होती. मी आतल्या खोलीत पलंगावर भिंतीला टेकून बसले, टॅब मांडीवर, बाहेर पोथी चालू, एका कथेत नायिकेचं नाव मधेच बदललं होतं तेही पकडलं, आणि आरतीच्या आत फाईल फोनच्या हॉटस्पॉटवरून पाठवून बाहेर आले. भावजी दारात उभे राहून बघत होते. म्हणाले काय, तर "पण वहिनी, यात टॅली चालणार आहे का?" आता मला हिशोबाचं टॅली कशाला हवं? पण त्यांचा मुद्दा नेहमी असाच, यात ऑटोकॅड चालेल का, यात प्रोग्रॅमिंग होईल का. नाही होत, बरं. पूर्ण ऑटोकॅड नाही चालत, टॅली नाही चालत. ज्याला ते करायचंय त्याने लॅपटॉप घ्यावा, त्याला मी कुठे अडवलंय?

मला आता वाटतं की भावजींचं टॅबबद्दलचं मत २०११ साली ठरलंय आणि तिथेच थांबलंय. त्या ऑक्टोबरात सरकारने विद्यार्थ्यांसाठी "आकाश" टॅब आणला होता, सात इंची, २५६ एमबी रॅम, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, आणि स्क्रीन अशी की नखाने दाबावी लागायची. किंमत अडीच हजारांच्या आत, त्या पैशात आणखी काय मिळणार होतं? त्यांच्या कॉलेजात तो आला होता, त्यांनी तो हाताळला आणि टॅब या जातीवरच फुली मारली. आणि छोटा लॅपटॉप म्हणजे मोठी मर्दुमकी असं जे त्यांना वाटतं, त्याचं काय झालं तेही बघा की. २००७ ला असूसचा ई पीसी आला तेव्हा जो तो नेटबुकच्या, म्हणजे असल्याच छोट्या स्वस्त लॅपटॉपच्या मागे होता, २०१० ला आयपॅड आला आणि पुढच्या तीनचार वर्षांत नेटबुक दुकानांतून गायबच झाले. भावजींचा स्वतःचा नेटबुक माळ्यावर आहे, जाऊबाईंनी मला दाखवलाय.

असो, तुमचं. अभ्यासाच्या नोट्स बहुतेक ए-फोरच्या असतात, स्कॅन केलेल्या, डेमीच्या नाहीत, तेव्हा माझ्यासारखं मूळ आकारात पान दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. दहा-साडेदहा इंची लांबट टॅबवर ए-फोर पान साधारण दोन तृतीयांश होतं, बारा पॉइंटचं अक्षर आठच्या आसपास दिसतं, तरुण डोळ्यांना चालतं. आयपॅडचा आकार जरा चौकोनी असतो, त्यावर ते तीन चतुर्थांशापर्यंत दिसतं, पण त्याची पेन्सिल वेगळी विकत घ्यावी लागते आणि तुमचं बजेट मोडतं, शिवाय मेमरी कार्डही जात नाही. तीस हजारांत पेनासकट टॅब बसतो. पेन हवंच. बिनपेनाचा टॅब घेणार असाल तर मग तुमचे मित्र बरोबर आहेत, त्यावर तुम्ही यूट्यूबच बघणार. आणि दोनशे रुपयांचं रबरी टोकाचं पेन घेऊ नका, हात टेकवला की सगळं बिघडतं. पुष्कळ स्वस्त टॅबना चांगलं पेन चालतच नाही, घेण्याआधी विचारा.

छोटा लॅपटॉप तीस हजारांत नवा अजिबात घेऊ नका, हे मी ठासून सांगते. विंडोज ११ ला किमान चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी स्टोरेज लागतं असं लिहिलेलं असतं, ते किमान म्हणजे नुसतं सुरू होण्यापुरतं. लॅपटॉपच घ्यायचा तर ऑफिसांतून निघालेला जुना चौदा इंची घ्या, पण इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा बघून, कारण त्याआधीच्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले.

आता एक गोष्ट जी खरं तर मी आधीच सांगायला हवी होती. तुम्ही फक्त राज्यसेवा देणार असाल तर टॅब. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, उत्तरं कागदावर लिहून सराव करायचाय, त्याला यंत्र लागत नाही, आणि अर्ज भरायला वर्षातून काही वेळा नेट कॅफेत गेलं तरी भागतं. पण लिपिक-टंकलेखकाचा फॉर्म भरणार असाल तर गोष्ट वेगळी. मराठी तीस शब्द मिनिटाला किंवा इंग्रजी चाळीस, तेही प्रमाणपत्रासकट, आणि परीक्षा कॉम्प्युटरवर, खऱ्या कीबोर्डवर. टॅबच्या काचेवर बोटं फिरवून तो वेग येत नाही. ब्लूटूथचा छोटा कीबोर्ड लावला तरी बटणं जवळजवळ असतात, सवय वेगळी लागते, परीक्षेत हात अडखळतो. आमच्या शेजारची मुलगी टायपिंगच्या क्लासला जाऊन तिथल्याच मशीनवर सराव करते आणि घरी वाचायला टॅब वापरते, तसंही करता येतं, पण क्लासची फी धरून हिशोब करा. आणि घरात आधीच कोणाचा तरी जुना कॉम्प्युटर पडून असेल तर मग प्रश्नच नाही, टॅब घ्या.

हे सगळं भावजींना सांगितलं तर ते म्हणणार, बघा, शेवटी कीबोर्ड लागलाच ना. लागला, टायपिस्टला लागला! मला नाही लागला, आणि तुम्हालाही कदाचित नाही लागणार.

दुकानात जाताना स्वतःची सगळ्यात खराब स्कॅन केलेली पीडीएफ फोनमध्ये घेऊन जा आणि डेमोच्या टॅबवर ती पाठवून उघडायला लावा. दुकानदार त्यांचे चकचकीत व्हिडिओ लावून दाखवतात, त्याने काही कळत नाही. पान उभं धरून वाचा, एक "सर्वांना" शोधा, पेनाने खाली रेघ ओढा, हात टेकवून. रेघ हाताच्या मागून सावकाश आली तर तो टॅब नको. दोन फाईली शेजारी शेजारी उघडून बघा, एकीकडे पुस्तक, दुसरीकडे तुमची वही. आणि काचेवर लगेच जाड टेम्पर्ड ग्लास चिकटवायला देऊ नका, आधी चार दिवस तसंच लिहून बघा, त्यावर काहींचं पेन घसरतं.

लिपिकचा फॉर्म भरताय की नाही ते तेवढं खाली लिहा.