डिप्लोमा करून पशुवैद्य होता येतं का? नोंदणीचा रस्ता

ताई, तुमची मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, आणि तालुक्यातल्या एका संस्थेने तुम्हाला सांगितलंय की डिप्लोमा केला की ‘लायसन्स’ मिळतं, नीटच्या मागे लागायची गरज नाही. आधी याचंच उत्तर देतो, कारण यात पैसेही जातात आणि मुलांची वर्षंही. डिप्लोमावर पशुवैद्य म्हणून नोंदणी होत नाही. पुढे कितीही वर्षं काम केलं तरी होत नाही.

आपल्याकडे लायसन्स म्हणजे पशुवैद्यक परिषदेची नोंदणी. ती भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 या कायद्याखाली होते. पशुवैद्यकाचा व्यवसाय फक्त नोंदणीकृत पशुवैद्यालाच करता येतो, असं त्याच्या कलम 30 मध्ये स्पष्ट आहे. डिप्लोमाधारकांचा उल्लेखही त्याच कलमात येतो. राज्य सरकारने आदेश काढून परवानगी दिली तर त्यांना किरकोळ सेवा देता येतात: लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी असं प्राथमिक काम, आणि तेही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. मी डिप्लोमाला कमी लेखत नाही. लाळ-खुरकुताच्या लसीकरणाची मोहीम वाडीवस्तीपर्यंत पोचते ती याच मंडळींमुळे. पण ते काम वेगळं आणि तुमची मुलगी म्हणते ते वेगळं. इंजिनिअरिंगला डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तशी सोयही इथे नाही.

तिला लागेल ती पदवी बीव्हीएससी अँड एएच, म्हणजे पशुवैद्यक आणि पशुसंवर्धनाची पदवी. एकूण साडेपाच वर्षं. त्यातली साडेचार शिक्षणाची आणि शेवटचं एक इंटर्नशिपचं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, आणि प्रवेश नीटच्या गुणांवर. पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्या भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या समुपदेशनातून. बाकीच्या राज्याच्या. महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सगळ्यात जुनं, 1886 सालचं. शिवाय नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशी कॉलेजं. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: नीट दिली म्हणजे अर्ज झाला असं होत नाही. दोन्ही कोट्यांसाठी वेगवेगळे अर्ज असतात आणि त्यांच्या तारखाही वेगळ्या. चांगले गुण असलेली मुलं केवळ एमबीबीएसच्या याद्यांकडे बघत बसल्यामुळे इथली तारीख हुकवतात.

परराज्यातल्या खाजगी कॉलेजचा कुणी आग्रह धरला, तर फीच्या आधी एकच गोष्ट बघा: त्या कॉलेजची पदवी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे का. भारतातल्या मान्य पदव्यांची यादी तिथे असते. त्यात नसेल तर साडेपाच वर्षांनंतर हातात कागद राहील, नोंदणी मिळणार नाही.

पदवीनंतर लायसन्ससाठी वेगळी परीक्षा नाही. अमेरिकेत नॅव्हली ही लायसन्सची परीक्षा द्यावी लागते, तसं आपल्याकडे काही नाही. त्यामुळे जे शिकायचं ते या साडेपाच वर्षांतच अंगात मुरलं पाहिजे. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी पाठ करताना मुलं वैतागतात, पण शेवटच्या टप्प्यात मेडिसिन, सर्जरी आणि प्रसूतिशास्त्र येतं तेव्हा त्या पाठांतराचा अर्थ लागतो. एक उदाहरण देतो. म्हैस अडली आहे, कळा देते आहे, पण रेडकू पुढे सरकत नाही. हात घातला की मार्गाच्या घड्या एका बाजूला वळलेल्या लागतात. म्हणजे गर्भाशयाला पीळ पडलाय. म्हशीत तो बहुतेक वेळा उजवीकडे असतो. मग ज्या बाजूला पीळ त्याच कुशीवर म्हशीला पाडायचं, पाय बांधायचे, पोटावर फळी ठेवायची, एकाने फळीवर उभं राहायचं आणि पीळ ज्या दिशेचा त्याच दिशेला म्हशीला लोळवायचं. दिशा उलटी झाली तर पीळ सुटायच्या ऐवजी आणखी आवळतो. गोठ्यात चार माणसं दोर धरून तुमच्या तोंडाकडे बघत असतात, तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो. म्हणून इंटर्नशिप कुठेतरी सही करून उरकायची हा सल्ला कुणी दिला तर मुलीला तो ऐकू देऊ नका. तेच वर्ष सगळ्यात मोलाचं आहे.

आणि रेबीजची प्रतिबंधक लस तिला क्लिनिकमध्ये पाऊल टाकायच्या आधीच द्या. गाभडलेल्या गायीला किंवा अडकलेल्या वारेला उघडा हात लावायचा नाही, हेही आतापासून सांगा. जनावरं गाभडतात तो ब्रुसेलोसिसचा आजार माणसालाही होतो आणि वर्षानुवर्षं छळतो.

नोंदणीचं काम त्यामानाने सोपं. साडेचार वर्षांच्या परीक्षा पास झाल्या की राज्य परिषदेकडे तात्पुरती नोंदणी होते, त्यावर इंटर्नशिप करायची. ती पूर्ण झाली, पदवी हातात आली की कायम नोंदणी. महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचं कार्यालय नागपूरला आहे. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. नोंदणी झालेल्याला देशात कुठेही व्यवसाय करता येतो, दुसऱ्या राज्यात स्थायिक झाल्यास तिकडच्या परिषदेकडे ती बदलून घ्यायची.

हा नोंदणी क्रमांक प्रत्येक चिठ्ठीवर आणि दाखल्यावर लिहायचा असतो. विम्याची गाय मेली तर शेतकऱ्याचा दावा पशुवैद्याच्या शवविच्छेदनाच्या दाखल्यावर उभा राहतो. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक, मृत्यूचं कारण, सही आणि नोंदणी क्रमांक. यातला एक आकडा चुकला तरी त्या घराचा दावा अडकतो.

औषधांचीही तशीच जबाबदारी. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेलं जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. देशातली गिधाडं त्यामुळे संपत आली. 2006 साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या. शेवटी 2015 मध्ये माणसांची इंजेक्शनची बाटलीही तीन मिलीची करावी लागली. स्वस्त आहे, लगेच लागू पडतं म्हणून मागणारे मालक अजून भेटतात. त्यांना नाही म्हणायचं आणि गिधाडांना अपाय न करणारं मेलॉक्सिकॅम लिहून द्यायचं, हे नोंदणीकृत पशुवैद्याचं रोजचं काम आहे.

पुढे सरकारी नोकरी हवी असेल तर पशुधन विकास अधिकारी, गट अ, ही पदं लोकसेवा आयोगातून भरतात, आणि त्यालाही पदवीसोबत नोंदणी लागते. मुलगी म्हणून जमेल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. जमतं. म्हैस पाडायला ताकद दोर आणि माणसांची लागते. पीळ कुठल्या बाजूचा हे ओळखायला शिकलेला हात लागतो.

आता या महिन्यात करायचं काम: अधिवास दाखला काढा. आरक्षणातून अर्ज करणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव आजच टाका, आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअरही. वैधतेला महिने लागतात, आणि प्रवेशाच्या वेळी पावती दाखवून प्रत्येक वेळी भागतंच असं नाही.