सरकारचे नेतृत्व बदलले की देशाची मुत्सद्देगिरी आणि जागतिक प्रभावही बदलतो का?

होय, बदलतो, धोरणाची दिशा आणि भाषा लगेच बदलते, मात्र जागतिक वजन कमी-अधिक होते ते त्या देशाच्या शब्दावर इतरांचा किती भरवसा उरतो यावरून. पॅरिस हवामान करारातून अमेरिका ४ नोव्हेंबर २०२० रोजी अधिकृतपणे बाहेर पडली, सत्तांतरानंतर १९ फेब्रुवारी २०२१ रोजी परतली आणि २० जानेवारी २०२५ रोजी नव्या अध्यक्षांनी पुन्हा माघारीचा आदेश काढला. इराणबरोबरच्या २०१५ च्या अणुकरारातूनही ती २०१८ मध्ये बाहेर पडली. हे दोन्ही करार सिनेटच्या मंजुरीशिवाय केवळ अध्यक्षांच्या अधिकारात स्वीकारलेले असल्यामुळे ते मोडणे सोपे गेले, आणि माझ्या मते खरे नुकसान इथेच होते, कारण पुढच्या वाटाघाटीत समोरचा देश आधी हेच विचारतो की चार वर्षांनी हा शब्द टिकेल का. अर्थात प्रत्येक सत्तांतराने असे होत नाही: भारतात १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि अटलबिहारी वाजपेयी परराष्ट्रमंत्री झाले, तरी सोव्हिएत संघाबरोबरचा १९७१ चा मैत्री करार कायम राहिला, कारण शेजार, संरक्षणाची गरज आणि परराष्ट्र सेवेतील अधिकारी निवडणुकीने बदलत नाहीत.