तासगावचा द्राक्षाचा कंटेनर आर्क्टिकमार्गे जाईल का?

तासगावच्या दादांनी विचारलंय की, 'उत्तर ध्रुवाकडून युरोपला जवळचा रस्ता निघालाय म्हणतात, मग आपली द्राक्षं तिकडून का पाठवू नयेत?' पॅकहाऊस आणि निर्यातीच्या कागदपत्रांत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

दादा, तो रस्ता जवळचा आहे, पण जपान-चीनला. योकोहामाहून रॉटरडॅम सुएझमार्गे सुमारे ११,२०० सागरी मैल पडतं, रशियाच्या उत्तर किनाऱ्याने ७,३०० च्या आसपास. आपला माल न्हावा शेवाहून निघतो. तिथून सुएझमार्गे रॉटरडॅम जेमतेम ६,३०० मैल. आर्क्टिकने जायचं तर आधी मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून जपानपर्यंत ५,३०० मैल, मग बेरिंगची सामुद्रधुनी आणि पुढचा बर्फाळ किनारा. बेरीज साडेबारा हजारांवर जाते. आफ्रिकेला वळसा घातला तरी एवढं होत नाही.

आणि हंगाम बघा. ऑक्टोबर छाटणीचा माल आपण फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरवतो. आर्क्टिकचा बर्फ मार्चमध्येच सर्वांत जास्त पसरलेला असतो आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी. साध्या जहाजांना तो रस्ता साधारण जुलै ते ऑक्टोबर मिळतो. तेव्हा आपल्या वेलीवर घड नसतो.

२०१८ मध्ये 'व्हेंटा मर्स्क' हे ३,६०० कंटेनरांच्या क्षमतेचं जहाज तिकडून गेलं, तेही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. सुएझमधून वीस हजारांवर कंटेनर घेणारी जहाजं जाऊ शकतात. आर्क्टिकमध्ये काही सामुद्रधुन्या उथळ आहेत, तिथे एवढं मोठं जहाज जाणारच नाही. त्या मार्गावर आज मुख्यतः रशियाचाच गॅस आणि तेल वाहतं.

काहींना वाटतं, बाहेर थंडी म्हणजे रीफरची, म्हणजे आतलं तापमान राखणाऱ्या कंटेनरची, वीज वाचेल. द्राक्षाला शून्य ते एक अंश लागतं. बाहेर उणे वीस असेल तर रीफरला आत ऊब द्यावी लागते, नाहीतर घड गोठून काळे पडतात.

तुमची खरी अडचण सुएझच्या वाटेवरच्या लाल समुद्राची आहे, हे मला कळतं. २०२३ च्या शेवटी जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि पुढच्या हंगामात माझ्या ओळखीतल्या शेतकऱ्यांचे कंटेनर आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेले. दोन आठवडे जास्त. पेटी उघडली तेव्हा देठ सुकलेले आणि मणी गळालेले. त्या फोटोंनी अजून पोटात कालवतं.

म्हणून यंदा बुकिंगआधी फॉरवर्डरकडून, म्हणजे जहाजावर जागा ठरवून देणाऱ्या एजंटकडून, लेखी घ्या: जहाज सुएझने जाणार की केपने, आणि वाटेत कंटेनर दुसऱ्या जहाजावर चढणार का. केप असेल तर बागेतला सर्वांत टणक, हिरव्या देठाचा माल त्या कंटेनरला द्या, आणि सकाळी काढलेली द्राक्षं त्याच दिवशी प्री-कूलिंगला, म्हणजे कंटेनरमध्ये भरण्याआधी गार करायला, लावा. नरम पडलेला प्लॉट लांबच्या प्रवासाला अजिबात घालू नका, त्याचा बेदाणा करा.