छोट्या पॅनेलवर सोलरचा सराव

प्रश्न : आमच्या तालुक्यातल्या आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या मुलामुलींना सोलरचं काम शिकायचं आहे. ‘सूर्यमित्र’ हे सोलर तंत्रज्ञांसाठीचं सरकारी प्रशिक्षण निवासी असतं. तीन महिने घराबाहेर राहणं अनेकांना, विशेषतः मुलींना, जमत नाही. आमच्याकडे सोलरचा संच नाही. प्रात्यक्षिक कसं घ्यावं?
– एक शिल्पनिदेशक, जि. परभणी

उत्तर : मोठ्या संचासाठी थांबू नका. फक्त लांबून बघायच्या संचापेक्षा प्रत्येकाच्या हाती येणारी ४० वॅटची दोन पॅनेलं कितीतरी उपयोगी. १२ व्होल्टची पॅनेलं घ्या. उन्हात काही न जोडता मोजलं तर एकावर २१-२२ व्होल्ट येतात, सिरीजमध्ये, म्हणजे एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडून, ४४च्या आसपास. शिकाऊ हातांना एवढा दाब सुरक्षित. भर दुपारी एकावर १९-२०च दिसले तर मुलं पॅनेल खराब ठरवतात. पण सेल तापला की दर अंशाला सुमारे ०.३ टक्के व्होल्टेज उतरतं. सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा मोजायला लावा. मग सिरीजमध्ये एका पॅनेलचे प्लस-मायनस गुपचूप उलटे करून ठेवा. मीटर शून्याजवळ येतं. दोष त्यांनाच शोधू द्या.

सर्वांत जास्त वेळ एमसी-४ कनेक्टरला, म्हणजे पॅनेलच्या केबली एकमेकींना जोडणाऱ्या प्लगला, द्या, कारण छतावरचे बरेच बिघाड तिथेच होतात. ४ चौरस मिमीची डीसी केबल ७-८ मिमी सोलायची आणि पिन क्रिंपिंग टूलनेच (पिन केबलवर घट्ट दाबायच्या खास हत्यारानेच) दाबायची. पकडीने दाबलेली पिन वरून ठीक दिसते, पण सांधा सैल राहतो, भार आला की तापतो आणि प्लास्टिक वितळतं. दाबल्यावर केबल जोरात ओढून बघायची. दोन कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसले तरी जोडायचे नाहीत. प्रत्येकाकडून किमान दहा जोड्या करून घ्या.

एसीचा, म्हणजे घरातल्या विजेचा, प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीचा, म्हणजे पॅनेलमधून येणाऱ्या विजेचा, येत नाही. छतावरच्या स्ट्रिंगमध्ये (सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनेलांच्या रांगेत) कित्येकशे व्होल्ट असतात, तिथे चालू भारावर कनेक्टर ओढला तर ठिणगी विझत नाही, हात भाजतो. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच), मगच कनेक्टर : हा क्रम छोट्या पॅनेलवरही पाळायला लावा.

अर्थिंगही इथेच शिकवता येतं. फ्रेमच्या अॅल्युमिनियमवर अॅनोडायझिंगचा थर असतो आणि त्यातून वीज जात नाही. दातेरी वॉशर तो थर खरवडून आत बसतो. साधा वॉशर लावून मीटरवर कंटिन्युइटी, म्हणजे वीज आरपार जाते का ते, बघा, मग दातेरी लावून बघा.

हार्नेस (उंचीवरून पडू नये म्हणूनचा सुरक्षा पट्टा) बांधायचा सराव बुटक्या शेडवर घ्या. खऱ्या छतावर मुलांना परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखालीच पाठवा.