शुगर नाही, मग शुगरची गोळी कशाला?

"ताई, डिस्चार्जच्या कागदावर हार्ट फेल्युअर लिहिलंय. हार्ट फेल झालं की माणूस जातो ना?" काकूंनी हे अगदी हळू विचारलं, पण शेजारी बसलेल्या काकांना ऐकू गेलंच. एसटीतून निवृत्त झालेले काका दोन महिन्यांत दुसऱ्यांदा, छातीत पाणी झालं म्हणून दाखल झाले होते.

हृदयविकार विभागात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत भेटतो. आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' याचा अर्थ एकच. म्हणून मी आधी तो शब्दच सोडवून सांगते: हृदय बंद पडलेलं नाही, ते दमलंय. रक्त पुढे ढकलायला कमी पडतंय, म्हणून पाणी पायांत आणि फुप्फुसांत साठतं.

"पण पंपिंग 30 वर आलंय म्हणे." काकूंच्या हिशेबात उरलेले 70 गेले होते. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण 55 ते 70 टक्केच टाकतं, हे सांगितल्यावर काकांनी पहिल्यांदा मान वर केली.

मुलगा पुण्याहून फोनवर होता. "मॅडम, परदेशात नवीन काही निघालंय का? स्टेम सेलचं, म्हणजे हृदयात मूळ पेशी सोडतात त्या उपचाराचं, ऐकलंय. एफडी मोडायची तयारी आहे माझी."

मी काकूंना गोळ्यांचा डबा उघडायला सांगितला. एक पाकीट जवळजवळ भरलेलं. "ही शुगरची आहे हो. यांना शुगर नाही. मेडिकलमध्ये म्हणाले, उगाच घेतली तर साखर उतरून चक्कर येईल. म्हणून बंद केली."

ती डापाग्लिफ्लोझिन होती. मुलगा जे नवं शोधत होता, ते घरातल्या डब्यात पडून होतं.

दुकानदारावर राग धरण्यासारखं काही नाही. ही गोळी खरोखर मधुमेहासाठीच आली. पण 2019 मध्ये हृदय अशक्त झालेल्या 4744 रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना मधुमेह नव्हता. नेहमीच्या औषधांच्या जोडीला ही गोळी घेणाऱ्यांमध्ये आजार बळावण्याचं किंवा हृदयविकाराने दगावण्याचं प्रमाण जवळपास चौथ्या हिश्शाने घटलं, मधुमेह असो वा नसो. ती मूत्रपिंडाला साखर आणि मीठ लघवीवाटे सोडायला लावते, त्यांच्यामागे पाणीही जातं. शिवाय ती स्वतः इन्सुलिन वाढवत नाही, म्हणून मधुमेह नसलेल्याची साखर तिने सहसा धोक्याइतकी उतरत नाही. 2020 मध्ये भारतातलं तिचं पेटंट संपलं आणि बऱ्याच कंपन्यांनी ती काढली, किंमतही खाली आली. मला वाटतं, स्वस्त झाली म्हणूनच लोकांना ती 'नवं संशोधन' वाटत नाही.

स्टेम सेलबद्दल मी मुलाला स्पष्ट सांगितलं, एफडी मोडू नका. मोठ्या चाचणीत त्याने पुन्हा पुन्हा दाखल होणं कमी झालं नाही. तो अजून अभ्यासाचा विषय आहे.

त्याच दिवशी डॉक्टरांनी काकांना तपासून गोळी पुन्हा सुरू केली. लघवीच्या जागी खाज आली तर लाजू नका, लगेच सांगा, हे मी काकांना बजावलं. वजनकाटा घ्यायला लावला. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की वाट न बघता फोन करायचा. लोणचं-पापडावर काकूंनीच बंदी घातली.

जुलैत काकूंचा फोन आला. वजन स्थिर होतं, काका देवळापर्यंत चालत जात होते. "पण आषाढीला निर्जळी करतो म्हणून हट्ट धरलाय."

खाणंपिणं बंद असेल, उलट्या-जुलाब असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल तेव्हा ही गोळी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते. पण नुकतं सावरलेल्या हृदयाला निर्जळी उपवास नकोच होता. मी काकांना फोनवर घ्यायला सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"ताई, पाणी पितो. दूध आणि केळी खातो. देवळात मात्र चालतच जाणार."

"जा," मी म्हटलं, "वाटेत दोनदा बसा."