गेमिंगसाठी जुना ऑफिसचा पीसी घेऊन त्यात ग्राफिक्स कार्ड टाकलं तर चालेल का? बजेट फारच कमी आहे. आणि प्रोसेसर इंटेलचा आय५ घेऊ की आय७?

चालेल. १०८०पीवर मध्यम सेटिंग्जला खेळायचं असेल आणि नव्या पीसीइतके पैसे हाताशी नसतील, तर मीही हेच सुचवेन. तुम्ही आय५ घेऊ की आय७ असं विचारलंय, पण अशा मशीनमध्ये घोडं अडतं ते कॅबिनेटच्या आकारावर आणि एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. ते दोन आधी बघा.

डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर यांत एकाच नंबरचं मॉडेल दोन-तीन आकारांत येतं. अगदी छोट्या मायक्रो किंवा मिनीत बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाचा स्लॉटच नसतो. एसएफएफमध्ये, म्हणजे बारीक कॅबिनेटमध्ये, फक्त लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्ड बसतं. टॉवरमध्ये पूर्ण उंचीचं बसतं. जाहिरातीत नुसतं 'ऑप्टिप्लेक्स ७०६०' लिहिलेलं असतं, त्यावरून काहीच कळत नाही. मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि कार्डांच्या जागी असलेल्या पत्र्याच्या पट्ट्या मोजायला सांगा: साधारण १२ सेंमी असतील तर पूर्ण उंची, ८ सेंमी असतील तर लो-प्रोफाइल. लांब स्लॉटच्या शेजारी आणखी एका पट्टीची जागा मोकळी आहे का, हेही त्याच फोटोत दिसतं. ती नसेल तर जाड कूलरचं कार्ड बसणार नाही.

आता वीज. या मशीनमधले एसएमपीएस साधारण १८० ते २६० वॉटचे असतात आणि त्यांना ग्राफिक्स कार्डासाठीची ६ किंवा ८ पिनची वायर सहसा नसते. पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट, म्हणजे कार्ड बसतं ती मदरबोर्डवरची खाच, स्वतः जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, म्हणून तुमचं कार्ड त्या मर्यादेतच बसायला हवं. काही मॉडेलांत ही मर्यादा याहून कमी असते, तेव्हा त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आधी बघा. 'एसएमपीएस बदलू' हा विचारही जपून करा. यांतल्या बऱ्याच मदरबोर्डना नेहमीचं २४ पिनचं कनेक्शन नसतं. टॉवरमध्ये कन्व्हर्टर लावून जमू शकतं, एसएफएफमध्ये एसएमपीएसचा आकारच वेगळा.

साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्क-एसएसडीला वीज देणाऱ्या वायरीवरून ८ पिन काढून देणारे स्वस्त कन्व्हर्टर मिळतात, ते कृपया घेऊ नका. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटांसाठी बनवलेला आहे आणि ८ पिनवरून कार्ड १५० वॉटपर्यंत ओढू शकतं. पिना तापतात, प्लास्टिक वितळतं.

कार्ड कोणतं? बजेट ताणता आलं तर आरटीएक्स ३०५०चं ६ जीबी मॉडेल. ते ७० वॉटचं आहे, बहुतेक कार्डांना वेगळी वायर लागत नाही आणि लो-प्रोफाइलमध्येही मिळतं. नावावर जाऊ नका, ८ जीबीचं ३०५० हे वेगळंच कार्ड आहे आणि त्याला सहसा ८ पिन लागते. त्याखाली जीटीएक्स १६५०. यातही काही मॉडेलांना ६ पिन असते, फोटोत कार्डाची वरची कड बघून घ्या. १०५० टीआय आता अगदीच नाइलाज असेल तर, कारण २०२५ नंतर त्याला नव्या गेम्ससाठीचे ड्रायव्हर मिळत नाहीत.

दोन कार्डं कागदावर छान दिसतात आणि जुन्या मशीनमध्ये फसवतात. आरएक्स ६४०० फक्त चार लेनवर (लेन म्हणजे स्लॉटमधले डेटाचे मार्ग) चालतं. पीसीआय एक्सप्रेस ३.० असलेल्या मदरबोर्डवर त्या लेनचा वेग निम्मा होतो, त्यामुळे त्याची ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे रेकॉर्डिंगचा भार प्रोसेसरवर. दुसरं इंटेल आर्क ए३८०: त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो या मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, सहसा नसतो आणि त्याशिवाय हे कार्ड फारच मंद चालतं.

प्रोसेसर आठव्या पिढीचा घ्या, आय५-८५०० पुरेसा आहे. सहा कोर मिळतात. आय५-६५०० किंवा ७५०० स्वस्त पडतो, पण चार कोर, चार थ्रेड. एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचा) सरासरी आकडा बरा दिसला तरी नव्या गेम्समध्ये मधूनमधून झटके बसतात. विंडोज ११ला अधिकृत सपोर्टही आठव्या पिढीपासूनच आहे, आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. व्हॅलोरंट खेळणार असाल तर विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन्ही फीचर्स चालू असावी लागतात. बायोसमध्ये ते बंद ठेवलेले असू शकतात.

रॅम बहुतेक वेळा ८ जीबीची एकच स्टिक असते. तशीच दुसरी टाकून १६ करा. ड्युअल चॅनलने, म्हणजे दोन स्टिक एकदम वापरल्याने, येणारा फरक गेममध्ये जाणवतो. विंडोज आणि गेम्स एसएसडीवर टाका, साटाची एसएसडीही चालेल.

सेकंडहँड कार्ड घेताना जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून बघा. जुन्या कार्डात खोटं बायोस भरून ते १०५० टीआय म्हणून विकलं जातं, आणि असं कार्ड हे सॉफ्टवेअर बऱ्याचदा 'फेक' असं लिहून पकडतं. '१०५० टीआय' आहे म्हणतात आणि मागे निळं व्हीजीए पोर्ट दिसतंय, तर लगेच शंका घ्या. मग फरमार्क, म्हणजे कार्डावर पूर्ण भार टाकणारी टेस्ट, १५ मिनिटं लावा. स्क्रीनवर ठिपके आले किंवा मशीन बंद पडलं तर सोडून द्या.

सगळं जोडून एफपीएस अगदीच कमी आले तर आधी मॉनिटरची केबल बघा. ती मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असली तर गेम प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर चालत असतो.

वर्षभरात आणखी पैसे घालता येणार असतील तर मात्र हे सगळं सोडा. आतच ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४-३२०० स्टिक आणि चांगल्या दर्जाचा ५५० वॉटचा एसएमपीएस एवढ्यावर सुरुवात करा, कार्ड नंतर घ्या. मदरबोर्ड बी४५० असेल तर त्याचं बायोस ५००० मालिकेसाठी अपडेट केलेलं आहे का ते विकत घेण्याआधी विचारा, नाहीतर डिस्प्लेच येणार नाही. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग, चालू करायला विसरू नका. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे रॅम कमी वेगावर राहिली की एफपीएस थेट पडतात.